जास्त रेट देऊन क्लायंट कोलंबियाला का गेला?

पर्वरीचा_प्रोग्रामर
मंडळी, आमची कंपनी पर्वरीला आहे, लहानशीच. बोस्टनच्या एका क्लायंटचं काम आम्ही बरीच वर्षं करतोय. गेल्या महिन्यात त्यांनी नवीन मॉड्यूलचं सगळं काम कोलंबियातल्या मेदेयीन शहरातल्या एका कंपनीला दिलं. जुन्या सिस्टिमची देखभाल मात्र आमच्याकडेच ठेवली. भांडण नाही, तक्रार नाही, उलट शेवटच्या कॉलवर तोंडभरून कौतुक केलं. बोलता बोलता हेही सांगून टाकलं की तिथला ताशी रेट आमच्यापेक्षा बराच जास्त आहे.

आमचे मॅनेजर म्हणतात, "सध्या निअरशोअरचा ट्रेंड आहे," म्हणजे लांबच्या देशाऐवजी स्वतःच्या शेजारच्या देशातल्या कंपनीला काम द्यायचं. ट्रेंड आहे म्हणून कुठला अमेरिकन खिशातून जास्त पैसे काढेल हे मला पटत नाही. आजवर आपण स्वस्त आहोत म्हणून काम मिळतं असंच ऐकत आलो. इथे या धंद्यातले बरेच जण आहेत म्हणून विचारतो: गणित नेमकं कुठे बदललं?

मीरा_फोंडा
दादा, रेट कार्डावरचा आकडा वेगळा आणि काम हातात पडेपर्यंत लागलेला खर्च वेगळा. क्लायंट आता दुसरा आकडा बघायला लागलेत.

हिवाळ्यात बोस्टन आपल्या साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. म्हणजे त्यांचे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसात. आता एक साधा प्रसंग घ्या. तुमचा मुलगा सकाळी अकराला रिफंडचा कोड लिहायला बसला. त्याला प्रश्न पडला: ग्राहकाला पैसे परत करताना डिलिव्हरी चार्ज धरायचा की वगळायचा? टिकेटवर, म्हणजे कामाच्या नोंदीत, काही लिहिलेलं नाही. बोस्टनला त्या वेळी रात्रीचे साडेबारा. आता त्याने एक तर हे काम बाजूला ठेवून दुसरं उचलायचं, नाही तर अंदाजाने पुढे जायचं. अंदाज बरोबर निघाला तर ठीक. चुकला तर संध्याकाळच्या कॉलवर कळणार, दुसऱ्या दिवशी दुरुस्ती, त्याच्या दुसऱ्या दिवशी टेस्टिंग. दहा मिनिटांच्या प्रश्नापायी दोन-अडीच दिवस गेले. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या एका टप्प्यात, कामाचे दिवस असतात दहाच.

मेदेयीनचा मुलगा हाच प्रश्न अकराला विचारतो आणि सव्वाअकराला कामाला लागतो. कोलंबियाचं घड्याळ हिवाळ्यात बोस्टनशी तंतोतंत जुळतं, उन्हाळ्यात एका तासाचा फरक पडतो. अशी वाचलेली प्रत्येक वेळ क्लायंटच्या प्रॉडक्ट ओनरला (काय बनवायचं ते ठरवणाऱ्याला) स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. रेटमधली बचत दिसते ती अकाउंट्सवाल्याला, आणि कंपनी निवडताना हल्ली प्रॉडक्टवाल्यांचं जास्त ऐकलं जातं.

आमच्याकडे यावर उपाय म्हणून दुपारी एक ते रात्री दहा अशी शिफ्ट केली. बोस्टनबरोबर हिवाळ्यात अडीच तास मिळतात. कॅलिफोर्नियाचा क्लायंट असेल तर तेही नाही, कारण तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा. आणि गोव्यात रात्री दहानंतर घरी जायचं कसं? कदंबा बस मिळत नाही, टॅक्सीचं काय ते सगळ्यांना माहीत आहे. कंपनीची गाडी फोंड्यापर्यंत येते, पुढे शिरोड्याच्या, सावर्ड्याच्या मुलींनी काय करायचं? घरी लहान मुलं असलेले अनुभवी लोक सगळ्यात आधी सोडतात, आणि क्लायंटला हवे असतात नेमके तेच.

डिचोलीकर_काका
मी निवृत्त माणूस, पुण्यात आयुष्य काढून आता डिचोलीला परत आलोय. मीराचं बरोबर आहे, पण अर्धंच. घड्याळ तर तेव्हाही हेच होतं! ९८-९९ मध्ये वायटूकेची, म्हणजे सन २००० साठी जुने प्रोग्रॅम दुरुस्त करायची, कामं घेताना आम्ही हाच वेळेचा फरक गुण म्हणून विकायचो. "तुम्ही संध्याकाळी फाईल पाठवा, सकाळी ऑफिसला याल तेव्हा काम तयार." आणि ते खरंच होतं. कोबोल या जुन्या भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये दोन आकडी साल शोधायचं आणि चार आकडी करायचं, यात विचारण्यासारखं काय असतं? पुढे मोठी कामं आली तीसुद्धा जाडजूड स्पेसिफिकेशनसकट. दोन्हीकडच्या सह्या झाल्या की सहा महिने कोणी तोंड उघडायचं नाही.

आता तशी स्पेसिफिकेशन लिहितंच कोण? २००१ मध्ये अजाईल या कामाच्या पद्धतीचा जाहीरनामा आला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सगळ्यांनी तोच रस्ता धरला. काय बनवायचं ते बनवता बनवता ठरतं. एकदा माप देऊन कपडे शिवायला टाकायचे असतील तर शिंपी मडगावला असला तरी चालतो. रोज अंगावर घालून बघायचे असतील तर तो आपल्या वाड्यावरच हवा.

म्हणून तुमच्या क्लायंटने केलेली वाटणी नीट बघा. देखभाल तुमच्याकडे, नवीन काम तिकडे. देखभालीत बग येतो, तो टिकेटवर लिहिलेला असतो, रात्रीत सुटला तर चांगलंच. तिथे तुमचा वेळेचा फरक आजही उपयोगी आहे. नवीन मॉड्यूलमध्ये रोज मत बदलतं. त्यांनी देश पाहून वाटणी केलेली नाही, कामाची जात पाहून केली आहे.

पर्वरीचा_प्रोग्रामर
काका, हे डोक्यात बसलं. पण मग कोविडनंतर सगळं जग घरून काम करायला लागलं, तेव्हा अंतराचा प्रश्न मिटायला हवा होता ना? उलट निअरशोअरची चर्चा त्यानंतरच वाढली.

मीरा_फोंडा
अंतर मिटलं, घड्याळ राहिलं. २०२० नंतर अमेरिकन कंपन्यांना कळलं की ऑस्टिनचा माणूस ऑफिसला न येता काम करू शकतो. मग तो ऑस्टिनचाच कशाला हवा, मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराचा का नको? आधी ज्या मॅनेजरना "समोर बसलेली टीम" हवी होती, ते "माझ्या वेळेत ऑनलाईन असलेली टीम" यावर आले. त्यात लॅटिन अमेरिका बसते, आपण बसत नाही.

हिशेबनीस_म्हापसा
सीए आहे, दोन-तीन सॉफ्टवेअर कंपन्यांचे हिशेब बघतो. कराबद्दल बरेच गैरसमज पसरलेत म्हणून लिहितो.

अमेरिकेत २०१७ च्या कर कायद्याने कलम १७४ बदललं. २०२२ पासून सॉफ्टवेअर बनवण्याचा खर्च तिथल्या कंपनीला त्याच वर्षी पूर्ण वजा करता येईनासा झाला. काम अमेरिकेत झालं तर पाच वर्षांत विभागायचा, परदेशात झालं तर पंधरा वर्षांत. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या कामाला पुन्हा पूर्ण सूट मिळाली, परदेशी कामाची पंधरा वर्षं तशीच आहेत. पण या कलमाच्या लेखी कोलंबिया आणि पर्वरी दोन्ही सारखेच परदेश. त्यामुळे "करामुळे निअरशोअर" असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नका. करामुळे काम अमेरिकेत परत जाऊ शकतं, शेजारी जाण्याचं ते कारण नाही.

येण्याजाण्याचा मुद्दा मात्र खरा आहे. अमेरिकन माणसाला मेक्सिकोला किंवा कोलंबियाला कामाच्या छोट्या बैठकीसाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. मायामीहून मेदेयीन साडेतीन-चार तास. सोमवारी सकाळी निघाला तर दुपारी टीमबरोबर जेवायला. इथे यायचं तर ई-व्हिसा, मग दिल्ली, मुंबई किंवा आखात करत मोपा नाही तर दाबोळी विमानतळ. आठवडा जातो. उलट दिशेलाही तेच. मेक्सिकन इंजिनिअरला नाफ्टा व्यापार कराराच्या काळापासून अमेरिकेत कामासाठी टीएन व्हिसा आहे, त्याला लॉटरी नाही. आपल्या मुलाला एच-वन-बी व्हिसाची लॉटरी, आणि सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेबाहेरून केलेल्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर फी. म्हणजे ऑनसाईट माणूस पाठवून घड्याळाची अडचण भरून काढायची आपली जुनी युक्तीही महाग झाली.

काणकोणचा_किरकिऱ्या
सगळे निअरशोअरच्या आरत्या ओवाळताय म्हणून विरोधी पक्ष मी. कोस्टा रिकाची लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास. उरुग्वेची पस्तीस लाखांच्या आत. भारतात नुसत्या आयटीत पन्नास लाखांहून जास्त माणसं कामाला आहेत. तीस जावाचे लोक महिनाभरात हवे असतील तर बंगळुरूत मिळतील, उरुग्वेच्या माँटेव्हिडिओत आधी त्यांना कोणाकडून तरी पळवावं लागेल. अर्जेंटिनात २०२३ अखेर वर्षाची महागाई दोनशे टक्क्यांवर होती. तिथला चांगला डेव्हलपर पेसोत पगार घ्यायलाच तयार नसतो.

आणि "जवळ" म्हणजे सुरक्षित असं कोण म्हणतं? युरोपची अर्धी कामं युक्रेन, बेलारूस, रशियात होती. एपॅम ही कंपनी घ्या: १९९३ मध्ये अमेरिकेत आणि बेलारूसच्या मिन्स्कमध्ये एकाच वेळी सुरू झालेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा तिची हजारो माणसं त्याच पट्ट्यात होती. क्लायंटच्या कॉलवर माणसं तळघरातून बोलत होती. दोन तासांच्या विमानाचं अंतर तेव्हा काय कामाला आलं?

लिस्बनवासी
किरकिरेबाब, युद्धाचा मुद्दा मान्य. पण ते काम तिथून भारतात आलं नाही, बरंचसं पोलंड, रोमानिया आणि इथे पोर्तुगालला सरकलं. का, ते सांगतो.

मी मूळचा साळगावचा. आजोबांचा जन्म १९६१ च्या आधीचा, त्यामुळे आमच्या घरात पोर्तुगीज पासपोर्टचा रस्ता उघडा होता. गोंयकारांना हे नव्याने सांगायला नको. आधीचे लोक याच पासपोर्टवर इंग्लंडमध्ये स्विंडनला गेले. ब्रेक्झिटनंतर ते दार बंद झालं, मी लिस्बनलाच राहिलो. आज एका जर्मन क्लायंटच्या टीममध्ये आहे. थोडक्यात, मी स्वतःच निअरशोअर झालोय.

वर सगळे घड्याळावर बोलताहेत. अमेरिकेसाठी ते खरं असेल, युरोपला ते लागू नाही. जर्मनी हिवाळ्यात भारताच्या साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. पर्वरीत दुपारी बाराला कामावर आलेला माणूस जर्मनीचा जवळजवळ पूर्ण दिवस सांभाळू शकतो, आणि रात्री वेळेत जेवतोही. तरी काम पोर्तुगालला येतं. कारण कायदा.

मे २०१८ पासून जीडीपीआर हा युरोपचा डेटा संरक्षणाचा कायदा लागू आहे. ग्राहकांचा डेटा युरोपीय संघात कुठेही फिरवा, तो एकाच कायद्याखाली. संघाबाहेर न्यायचा तर तो देश युरोपने "पुरेसं संरक्षण देणारा" म्हणून मान्य केलेला हवा. जपान त्या यादीत आहे, अर्जेंटिना आहे, उरुग्वेसुद्धा आहे. भारत नाही. याचा अर्थ भारतात काम देता येत नाही असा मुळीच नाही; ठरावीक साच्याचे करार करून सर्रास देतात. पण जुलै २०२० मध्ये युरोपच्या न्यायालयाने श्रेम्स खटल्याच्या दुसऱ्या निकालात सांगितलं की नुसता करार पुरत नाही, त्या देशातलं सरकार डेटात किती डोकावू शकतं तेही तपासा. तेव्हापासून आमच्या क्लायंटच्या वकिलांना प्रत्येक नव्या देशासाठी वेगळा कागद लिहावा लागतो. बँक असेल, हॉस्पिटल असेल, तर वकील म्हणतो "लिस्बनला द्या आणि मला झोपू द्या."

दुसरं, माणसं हलवणं. मी उद्या म्युनिकला जाऊन तीन महिने बसू शकतो, वर्क परमिट लागत नाही. भारतातल्या माझ्या मित्राला तेच करायला किती कागद लागतात ते त्यालाच विचारा.

आता गंमत बघा. बीएमडब्ल्यूने २०१८ मध्ये इथल्या क्रिटिकल सॉफ्टवेअर कंपनीबरोबर क्रिटिकल टेकवर्क्स काढली, पोर्तो आणि लिस्बनमध्ये. हे झालं शेजारी. २०२४ मध्ये त्यांनीच रोमानियात क्लूजला एनटीटी डेटाबरोबर तसंच केंद्र काढलं. आणि त्याच वर्षी टाटा टेक्नॉलॉजीजबरोबर पुणे, बंगळुरू, चेन्नईत बीएमडब्ल्यू टेकवर्क्स इंडिया! तेव्हा शेजारी की लांब हा प्रश्न मोठ्या कंपन्यांना पडतच नाही. त्या दोन्ही घेतात. एकाच पुरवठादारापुरते बजेट असलेल्या मधल्या आकाराच्या कंपनीला निवड करावी लागते, आणि दादांचा बोस्टनचा क्लायंट बहुधा त्यातलाच.

जपानी_पोहे
अमेरिका-युरोप झालं, जपानचं मी सांगतो. वास्कोहून निघून योकोहामात काही वर्षं काढली आहेत. तिथे ना घड्याळ आडवं येतं ना व्हिसा, आडवी येते भाषा. कामाची सगळी कागदपत्रं जपानीत, मीटिंगही जपानीत, आणि जे बोललं जात नाही तेही समजून घ्यायचं जपानीतच. म्हणून काम चीनमधल्या दालियान शहराला जायचं. मंचुरियावरच्या जपानी सत्तेमुळे तिथे जपानी शिकण्याची परंपरा जुनी. नंतर व्हिएतनाम पुढे आला. तिथल्या एफपीटीसारख्या कंपन्यांनी मुलांना कॉलेजपासून जपानी शिकवलं. दोन्ही टीमच्या मधे बसणाऱ्या माणसाला तिथे ब्रिज एसई म्हणतात, आणि तो कधी कधी डेव्हलपरपेक्षा जास्त कमावतो. भारतीय कंपन्यांनी इंग्रजीवर भिस्त ठेवली आणि हे दुकान मोठं झालंच नाही.

काणकोणचा_किरकिऱ्या
लिस्बनबाब, वकिलाच्या झोपेचा मुद्दा मान्य करतो. पण रोमानियाने २००१ पासून आयटीवाल्यांना पगारावर आयकर माफ केला होता, तोही आता काढून घेतला. तिथले पगार बघा किती चढलेत. लिस्बनची घरभाडी तर तुम्हीच सांगा. शेजार स्वस्त राहिला नाही की हेच क्लायंट परत येतील.

लिस्बनवासी
भाड्याचं नका विचारू, पगाराचा निम्मा वाटा तिथेच जातो. 😀 पण शेजार महाग झाला तरी काम तुमच्याकडे परतेलच असं नाही. ते आणखी दुसऱ्या शेजाऱ्याकडे जातं: सर्बिया, अल्बेनिया, मोरोक्को.

पर्वरीचा_प्रोग्रामर
आमच्या टीमवर दुसरा एक आरोप झाला होता तो आत्ता आठवला: "तुमची माणसं टिकत नाहीत." याचा कितपत भाग असेल?

मीरा_फोंडा
बराच. २०२२ मध्ये इन्फोसिसची वार्षिक गळती अठ्ठावीस टक्क्यांवर गेली होती, ती सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आली. ती लाट ओसरली, पण क्लायंटच्या मनात छाप राहिली. गोव्यात याला आणखी एक पदर आहे. वेर्ण्यात, पर्वरीत, पणजीत मिळून कंपन्या मोजक्या. मुलगा तीन वर्षांत तयार झाला की पुणे नाही तर बंगळुरू. मग क्लायंटला दर वर्षी नव्या माणसाला तेच सगळं पुन्हा समजावून सांगावं लागतं, तेही रात्रीच्या दोन-अडीच तासांत. कोलंबियातही नोकऱ्या बदलतात, तिथे काही संत बसलेले नाहीत. पण नवा माणूस क्लायंटच्या दिवसभर समोर असतो, लवकर रुळतो.

आणि चतुर्थीचं बोलायलाच नको. ऐन रिलीजच्या आठवड्यात सगळा गोवा बंद. मी स्वतःसुद्धा त्या दिवसांत लॅपटॉप उघडत नाही, उघडणारही नाही.

डिचोलीकर_काका
एक गोष्ट कोणी बोललं नाही. मोठ्या भारतीय कंपन्यांनी हे कधीच ओळखलं. टीसीएस २००१ मध्ये बुडापेस्टला आणि २००२ मध्ये माँटेव्हिडिओला जाऊन बसली. इन्फोसिसच्या बीपीओने २००७ मध्ये फिलिप्सकडून पोलंडमधलं वूचचं केंद्र घेतलं. क्लायंटच्या शेजारी थोडी माणसं, मुख्य फौज इथे. प्रश्न पडला तर शेजारचा माणूस दिवसा उत्तर आणतो, फौज दुसऱ्या दिवशी कामाला लागते. लहान कंपनीला माँटेव्हिडिओत ऑफिस परवडणार नाही, पण क्लायंटच्या वेळेत काम करणारा एक जाणता बिझनेस अ‍ॅनालिस्ट परवडेल की नाही? तो मेक्सिकोत कंत्राटावर घ्या, नाही तर तिथे राहणारा एखादा भारतीय शोधा. सगळी टीम रात्री जागवण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

फर्मागुढीचा_विद्यार्थी
मी तिसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर. हे सगळं वाचून घाबरलो. मी स्पॅनिश शिकू का? की पोर्तुगीज? आमच्या घरी पासपोर्टवाला कोणी नाही.

जपानी_पोहे
जपानी शीक. (पक्षपाती सल्ला.)

हिशेबनीस_म्हापसा
घाबरू नको रे. वर जे चाललंय ते बाहेरच्या कंपनीला काम देण्याबद्दल. दुसरीकडे परदेशी कंपन्या भारतात स्वतःची केंद्रं उघडतच आहेत, ज्यांना जीसीसी म्हणतात. नॅसकॉम या आयटी उद्योगाच्या संघटनेच्या २०२४ च्या अहवालात अशी सतराशेहून अधिक केंद्रं आणि एकोणीस लाख माणसं मोजली आहेत. तिथे माणूस कंपनीचा स्वतःचाच, म्हणून त्याच्याकडे आख्खं प्रॉडक्ट सोपवतात आणि निर्णयही इथेच होतात. मग बोस्टनला विचारायची वेळच कमी येते. दादांच्या कंपनीचं दुखणं हेच आहे की काम इथे आणि निर्णय तिकडे.

फर्मागुढीचा_विद्यार्थी
पण जीसीसी तर सगळ्या बंगळुरू-हैदराबादला. गोव्यात किती?

मीरा_फोंडा
फार थोड्या. चिंबलचा आयटी पार्क, तुये, दोनापावलचं हॅबिटॅट या गोव्यातल्या आयटी प्रकल्पांची नावं आम्ही तुझ्या वयाचे होतो तेव्हापासून ऐकतोय. तो धागा वेगळा काढ, इथे सुरू झाला तर काका झोपणार नाहीत.

पर्वरीचा_प्रोग्रामर
सगळ्यांचे आभार. काकांचा मुद्दा आज मॅनेजरपुढे ठेवला. नवीन मॉड्यूल परत मागायचं नाही, पण देखभालीतले बग मेदेयीनची टीम सकाळी कामावर यायच्या आत सोडवून देऊ, आणि त्यांच्याशी थेट बोलायला आमचा एक माणूस दुपारच्या शिफ्टला बसवू, असा प्रस्ताव पाठवतोय. मॅनेजर म्हणाले, "म्हणजे कोलंबियावाले आपले क्लायंट झाले की!" म्हटलं, समजा झाले, बिल भरलं म्हणजे झालं. त्या शिफ्टला कोण बसणार यावर अजून कोणी हात वर केलेला नाही. बांबोळी ते पेडणे या पट्ट्यात राहणारा, बोलायला चांगला आणि रात्री जागायची तयारी असलेला कोणी असेल तर निरोप पाठवा. गाडी कंपनीची.